कार्डाची मागची बाजू

प्रणयच्या हातून झालेली चूक एका बोटाची होती. स्पर्धेच्या यादीत खेळाडूंचा रकाना वेगळा आणि कॅडींचा, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांचा, वेगळा. त्याला फक्त खेळाडूंची नावं अकारविल्हे लावायची होती. त्यानं नेमकं काय दाबलं हे त्याला पुढं कुणाला सांगता आलं नाही, पण यादी छापून आली तेव्हा कॅडींमधला एक गडी उडी मारून खेळाडूंच्या रकान्यात जाऊन बसला होता. सकाळी आठ दहाची जोडी. एका बाजूला मैदानाचे सचिव राजेंद्रसाहेब, दुसऱ्या बाजूला नुसतं ‘कडुबा’. ना आडनाव, ना कंपनी, ना शहर. यादी तपासायचं काम प्रणयकडंच होतं आणि त्यानं ती तपासलीही. मग ती औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सवाल्याकडं गेली, आणि दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात वीस फुटी फ्लेक्सवर, हात जोडून हसणाऱ्या माणसांच्या खाली, कडुबाचं नाव सिग्नलला थांबलेल्या सगळ्या शहरानं वाचलं.

फुलंब्रीच्या शाळेत प्रणयला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ते वगळता त्याच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि गोल्फच्या ऑफिसात हस्ताक्षराला कुणी विचारत नव्हतं. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा अकरा महिने, आणि प्रत्येक वेळी खाली राजेंद्रसाहेबांची सही. वर्षातला बारावा महिना प्रणय शक्य तेवढा नम्र असायचा. बाकीचे अकरा महिने त्याची तयारी करायचा.

हे मैदान दौलताबादच्या रस्त्याला, किल्ला दिसायला लागतो त्याच्या थोडं अलीकडं. अठरा भोकं, मोठ्या स्पर्धा घेता येतील अशा दर्जाची हिरवळ, मधे दोन तळी. फाटकावर मोठी पाटी, ‘सर्वांसाठी खुले’. त्याखाली बारीक अक्षरांत कॉलरचा टी-शर्ट, गोल्फचे बूट आणि स्वतःचा काठ्यांचा संच आवश्यक. सर्वांमधले बरेचजण या बारीक ओळीपाशी थांबायचे, पाटीसोबत फोटो काढायचे आणि वेरूळला निघून जायचे.

कडुबा मात्र पाटी लागायच्या आधीपासून तिथं होता. वीस वर्षांपूर्वी हा सगळा माळ होता. तो सपाट करायला आसपासच्या गावांतून माणसं घेतली, त्यात सव्वीस वर्षांचा कडुबा होता. बाप किल्ल्याखाली पेरू विकायचा, तेच कडुबानं करायचं ठरलेलं होतं, पण त्याच्या हातात घमेलं आलं. कुठं खडक फोडला, कुठला ओढा वळवला, कुठली विहीर बुजवली, हे त्याच्या डोक्यावरून वाहिलेलं होतं. मैदान झाल्यावर त्याच जागी तो गवत कापायला लागला आणि गवतावरून कॅडी झाला. सातव्या हिरवळीखाली बुजवलेली विहीर आहे. वीस वर्षं झाली तरी तिथली जमीन अजून बसते आहे, आणि त्या हिरवळीवर चेंडू कुठूनही ढकला, शेवटच्या दोन हातांत तो विहिरीकडं ओढला जातो. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांना हे कळलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

अकरा वर्षं कडुबानं राजेंद्रसाहेबांची बॅग उचलली. साहेबांचा प्लॉटिंगचा धंदा. जमिनीच्या भावातलं त्यांना सगळं कळायचं, उतारातलं काहीच कळायचं नाही. चेंडूपाशी उभं राहून ते मागं न बघता हात पुढं करायचे आणि विचारायचे, ‘कडू, काय दिसतंय?’ कडुबा वारं बघायचा, उतार बघायचा, काठी उपसून अंगातल्या शर्टाला पुसायचा आणि त्या हातात ठेवायचा. फटका चांगला बसला तर साहेब खेळले. वाईट बसला तर कडूनं सांगितलं.

आणि सोमवारी, मैदान बंद असलं की, गवत कापून झाल्यावर कडुबा स्वतः खेळायचा. परवानगी अशी नव्हती, पण कुणी बघायलाही नसायचं. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या सात काठ्या, चौघांच्या चार संचांतल्या. दोन मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली. सगळे कॅडी सांगायचे की कडुबा सोमवारचा राजा आहे. मंगळवारी तो परत बॅग उचलायचा.

फ्लेक्स लागल्यावर एका वार्ताहरानं बातमी केली. मग समितीची बैठक झाली. प्रणयला दाराशी उभं केलं होतं. एकानं सुचवलं की नाव काढून टाकू. राजेंद्रसाहेब म्हणाले की नाव काढलं तर उद्या पेपरात येईल, सर्वांसाठी खुलं म्हणता आणि गरिबाला हाकलता. खेळू दे, चौथ्या भोकाला रडत बसेल. सगळे हसले. प्रणयही हसला. दाराशी उभ्या माणसानं कधी हसायचं हे त्याला कळायचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वार्ताहराला बोलावलं, कडुबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघेपर्यंत तो काढला नाही. पाडव्यापासून मैदानावर बॅटरीच्या गाड्या येणार होत्या आणि बावीस कॅडींना सुट्टी मिळणार होती, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. या खेळात फटके कार्डावर मांडतात आणि ज्याचे कमी तो जिंकतो. साहेब म्हणाले, “माझ्या कार्डापेक्षा एक फटका कमी आण, कडू. एकच. पाडव्यापासून तुला इथं खेळ शिकवायला ठेवतो. कायम.”

वार्ताहरानं ते लिहून घेतलं. कडुबानंही लिहून घेतलं, जिथं त्याच्यासारखी माणसं लिहून घेतात तिथं.

मग साहेबांचं लक्ष प्रणयकडं गेलं. “यादी तुझी आहे ना? मग त्याची बॅगही तूच उचल.”

स्पर्धेचे नियम मराठीत टाइप करून नोटीस बोर्डावर लावायचं कामही प्रणयचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत कडुबा डबा घेऊन त्याच्याकडं आला आणि म्हणाला की वाचून दाखवा, भाचेबुवा, आपल्याला मराठी वाचता येतं पण असलं मराठी नाय. तो प्रणयला भाचा म्हणायचा आणि प्रणय त्याला मामा. केसरबाईनं, म्हणजे कडुबाच्या बायकोनं, हिवाळाभर भाच्यासाठी एक भाकरी जास्त बांधली होती आणि भाच्यानं ती रोज खाल्ली होती.

प्रणयनं सगळं वाचलं. एका कलमापाशी कडुबानं त्याला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. खेळ चालू असताना एका खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूला सल्ला देऊ नये आणि दुसऱ्याकडून सल्ला मागूही नये. सल्ला फक्त आपल्या कॅडीशी. देणाऱ्याला दंड दोन फटके, मागणाऱ्यालाही दोन फटके.

“म्हंजी आमचा धंदाच गुन्हा व्हय,” कडुबा म्हणाला आणि बराच वेळ हसला.

जानेवारीतल्या त्या रविवारी कडुबा रंगाच्या कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट घालून आला. कॉलर होती. बूट कुणाचे तरी, एक नंबर मोठे, पुढं कागद कोंबलेले. पहिल्या भोकापाशी खुर्च्यांवर साहेब लोक चहा घेत बसले होते. एकानं विचारलं की आज बॅग कुणाची आहे, कडू? कडुबा म्हणाला, मव्हीच. हा त्या सकाळचा सर्वांत मोठा विनोद ठरला. प्रणय सात काठ्यांची बॅग गळ्यात अडकवून उभा होता, पट्टा उलटा घालून. त्याच्यावरही थोडं हसून झालं. राजेंद्रसाहेब नमुन्याला आलेली बॅटरीची गाडी स्वतः चालवत आले. गाडी असल्यामुळं त्यांनी कॅडी घेतलाच नव्हता. पंच म्हणून पुण्याहून सुदर्शन नावाचे निवृत्त फौजी आले होते. मिशी कडक आणि आवाज त्याहून कडक. ते म्हणाले, शंका असेल तर कार्डावर सही करायच्या आत सांगायची. एकदा सही झाली की देवही बदलू शकत नाही.

चौथ्या भोकाला कडुबा रडला नाही. तिथवर दोघं बरोबरीत होते. प्रणयला खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो माणसं बघत होता. साहेब जोरात मारायचे आणि चेंडू कुठं गेला ते विचारायचे. कडुबा हळू मारायचा आणि चेंडू पडायच्या आधीच चालायला लागायचा. सातव्या हिरवळीवर साहेबांचा चेंडू भोकापासून चार पावलांवर होता. त्यांनी सरळ ढकलला. शेवटच्या दोन हातांत तो वळला आणि विहिरीकडं गेला. परत ढकलला, परत वळला. तिसऱ्यांदा आत गेला. दरवेळी कडुबा त्यांच्या मागं उकिडवा बसून बोटानं दाखवायचा, इकडून मारा. आज तो लांब उभा होता, आपले हात मागं बांधून, जणू कुणीतरी त्याचे हात पकडून ठेवले होते. साहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. तो गवताकडं बघत होता.

तिथून कडुबा पुढं निघाला. बाराव्याला एका फटक्यानं, पंधराव्याला तीन फटक्यांनी. सोळाव्याला साहेबांनी एक परत मिळवला. दोन भोकं राहिली होती आणि कडुबा दोन फटक्यांनी पुढं होता. चहावाले साहेब लोक आता खुर्च्या सोडून मागं मागं येत होते. कुणी हसत नव्हतं.

सतरावं भोक लहान आहे. मधे तळं, पलीकडं हिरवळ, आणि हिरवळीच्या मागं लगेच तारेचं कुंपण. कुंपणापलीकडं दौलताबादचा रस्ता आणि पेरूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. त्यांत केसरबाई होती. तिला आत यायला मनाई नव्हती. तिच्याकडं कॉलरचा टी-शर्ट नव्हता, एवढंच.

पहिला फटका साहेबांचा होता. मागून येणारे लोक अजून झाडीपलीकडं होते, आणि सुदर्शनसाहेब पुढं हिरवळीवर जाऊन उभे राहिले होते. इथं तिघंच होते. किल्ल्याकडून वारं येत होतं, थांबत होतं, परत येत होतं. साहेब चेंडूपाशी उभे राहिले. झेंड्याकडं बघितलं, तळ्याकडं बघितलं. मग मागं न बघता त्यांनी हात पुढं केला.

“कडू, काय दिसतंय?”

अकरा वर्षांत हा प्रश्न किती हजार वेळा आला असेल. कडुबाचे पाय आधीच निघाले होते.

“वारं तोंडावर हाय सायब. सात नका घेऊ, सहा घ्या. उजव्या अंगानं टाका, आपूआप खाली येतंय.”

गाडीवरच्या बॅगेतून त्यानं सहा नंबरची काठी उपसली, रंगाच्या कंपनीच्या टी-शर्टाला पुसली आणि त्या हातात ठेवली. प्रणय तीन पावलांवर होता. साहेबांनी विचारलं त्या क्षणी वारं थांबलेलं होतं. साहेबांनी आवाज जरा खालचा ठेवला होता, पण तीन पावलांवर त्यातलं एक अक्षरसुद्धा सांडलं नव्हतं.

साहेबांचा चेंडू उजव्या अंगाला पडला, आपोआप खाली आला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. कुंपणापलीकडं केसरबाई उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. काठी नवऱ्यानं काढलेली तिनं लांबून बघितली होती, म्हणजे फटका त्याचाच असणार. तिच्या शेजारच्या बायकांनीही वाजवल्या. सबंध दिवसात कडुबासाठी वाजलेल्या खऱ्या टाळ्या त्याच, आणि त्या साहेबांच्या चेंडूला मिळाल्या. साहेबांनी टोपी उचलून त्या स्वीकारल्या.

कडुबा काठी देऊन परत वळला तेव्हाच त्याला कळलं होतं. प्रणयनं त्याचं तोंड बघितलं. चुलीवरून ऊन तवा नुसत्या हातानं उचलावा आणि मग आठवावं, तसं ते झालं होतं. मग तो पुढं झाला. आपला चेंडू ठेवला, मारला, तीन फटक्यांत भोकात घातला. साहेबांनी दोन घेतले. अठराव्याला दोघांनी चार चार. एकंदर कडुबाचे सत्याहत्तर, साहेबांचे अठ्ठ्याहत्तर.

एक फटका. एकच.

कॅडी लोकांनी कडुबाला उचलून घेतलं. मोठे बूट पायातून गळून पडले आणि आतला कागद बाहेर आला. साहेब लोकांनीही टाळ्या वाजवल्या, कारण वार्ताहर बघत होता. मग कार्डावर सह्या करायला तिघं आणि प्रणय शेजारच्या खोलीत गेले. सुदर्शनसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, आणि राजेंद्रसाहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले की एक बारीकशी गोष्ट आहे. बोलायला बरं वाटत नाही, पण नियम म्हणजे नियम. सतराव्याला कडूनं मला काठी सांगितली.

सुदर्शनसाहेबांनी कडुबाकडं बघितलं. कडुबा उभाच होता, अनवाणी.

“सांगितली,” तो म्हणाला. “सायबानं विचारलं म्हणून सांगितली.”

त्यावर राजेंद्रसाहेब हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मी स्वतःशीच बोलत होतो, कडू. माणूस स्वतःशी बोलत नाही का?”

पंचांना दोन दोनच्या दंडाचा हिशेब चांगला माहीत होता. मागितला नसेल तर दंड एकट्या कडुबाला, म्हणजे एकोणऐंशी विरुद्ध अठ्ठ्याहत्तर. मागितला असेल तर दोघांना, म्हणजे एकोणऐंशी विरुद्ध ऐंशी. त्यांनी साक्षीदार कोण होतं ते विचारलं आणि मग तिघंही प्रणयकडं वळले. यादी करणारा, नियम टाइप करणारा, बॅग उचलणारा प्रणय. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीतली सगळी माणसं त्याच्या बोलण्याची वाट बघत होती.

“साहेबांनी विचारलं होतं का?” सुदर्शनसाहेबांनी विचारलं.

राजेंद्रसाहेब खिडकीबाहेर बघत होते. प्रणयचा अकरावा महिना चालू होता.

“मला ऐकू आलं नाही,” प्रणय म्हणाला.

कडुबानं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या चेंडूकडं बघावं तसं, की हा आता कुठं जाऊन थांबेल.

नियमाप्रमाणं साक्षीदाराचं म्हणणं कार्डाच्या मागं लिहायचं असतं. प्रणयनं लिहिलं, ‘श्री. राजेंद्र यांनी सल्ला मागितल्याचे मी ऐकले नाही’, आणि खाली सही केली. अक्षर सुंदर आलं. सुदर्शनसाहेबांनी ते दोनदा वाचलं, प्रणयकडं एकदा बघितलं आणि टोपण लावलं.

संध्याकाळच्या कार्यक्रमात कडुबाला शाल आणि श्रीफळ मिळालं. राजेंद्रसाहेब भाषणात म्हणाले की कडूनं आपली चूक स्वतःच्या तोंडानं कबूल केली, हा खरा खेळ, असा प्रामाणिकपणा आपल्याकडं पैसेवाल्यांतही उरला नाही. लोक उभे राहिले. कडुबाला चार शब्द बोलायला सांगितलं. त्यानं माइक हातात घेतला, तो चालू आहे का बघायला बोटानं वाजवला, आणि परत दिला.

फाटकाबाहेर केसरबाईनं त्याला विचारलं की मग ठेवलं का शिकवायला. तो म्हणाला की एक फटका जास्त झाला. ती म्हणाली की पण सतराव्याला एवढा जवळ टाकला होता की. प्रणय मोटारसायकल ढकलत त्यांच्या शेजारून गेला. त्या दिवशी पाटीत उरलेले चार पेरू तिनं त्याच्या डिकीत घातले. भाच्यानं दिवसभर मामाची बॅग उचलली होती ना.

पाडव्याला बॅटरीच्या गाड्या आल्या. बावीस कॅडींपैकी एकवीस गेले. कडुबाला साहेबांनी माणुसकी म्हणून ठेवून घेतलं आणि ते ज्याला त्याला सांगितलं. सरावाच्या पट्ट्यावर शे-दोनशे चेंडू पडलेले असतात, ते गोळा करायला जाळीचा पिंजरा बसवलेली एक छोटी गाडी आहे. ती तो चालवतो. तो पट्ट्यावर असला तरी सराव थांबत नाही. उलट नव्या पोरांना तेव्हाच हुरूप येतो. पिंजऱ्याला चेंडू लागला की टण्ण असा आवाज होतो आणि लावणाऱ्याला बाकीच्यांनी थंड पेय पाजायचं, असा एक रिवाज आता पडला आहे. राजेंद्रसाहेबांचा नेम अलीकडं सुधारला आहे. चेंडू कुठून आला ते कडुबा आवाजावरून ओळखतो. कोणी मुठीत चुकतो, कोणाचा डावा खांदा लवकर उठतो, हे सगळं त्याला जाळीतून दिसतं. तो कुणाला सांगत नाही.

प्रणयला आणखी अकरा महिने मिळाले.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीच कडुबा ऑफिसच्या खिडकीशी आला होता. त्याला त्या कार्डाची झेरॉक्स हवी होती, घरी लावायला. केसरबाईला बघायचं आहे म्हणाला. एवढं तर प्रणयला करता येण्यासारखं होतं. उद्या देतो मामा, असं त्यानं लगेच कबूल केलं. मशीन त्याच्या कोपरापाशीच होतं. त्यानं त्याच दुपारी एक प्रत काढलीही, अठरा भोकं, अठरा आकडे, खाली दोन्ही सह्या, आणि पाकिटात घालून दुसऱ्या दिवशी खिडकीतून पुढं केली.

कडुबानं पाकीट उघडलं, कागद उलटून बघितला. मागं कोरा होता.

“दोन्ही बाजू पाहिजेत, भाचेबुवा,” तो म्हणाला आणि कागद परत दिला.

तेव्हापासून दर सोमवारी, मैदान बंद असलं की, तो खिडकीशी येतो. कधी घाई करत नाही. मशीनमधली शाई संपलेली असते, किंवा कपाटाची किल्ली साहेबांकडं असते, किंवा लाइट गेलेली असते. पुढच्या सोमवारी नक्की, असं प्रणय सांगतो. कडुबा व्हय म्हणतो आणि डब्यातली एक भाकरी खिडकीच्या कठड्यावर ठेवून गवताकडं निघून जातो.